मावशीची सकाळ

मावशीच्या डोळ्यांच्या पडद्यातल्या पाहण्याच्या पेशी पार निकामी झाल्यात. समोर धरलेला हातही दिसत नाही. तरी रोज सकाळी कपबशी घेऊन ती अंगणात उन्हाकडे तोंड करून बसते आणि रात्री दहाला गाढ झोपते. हे कसं? २००२ साली डेव्हिड बर्सन आणि सहकाऱ्यांनी उंदरांच्या डोळ्यांत वेगळ्याच पेशी दाखवल्या. माणसातही त्या आहेत. मेलॅनॉप्सिन या रंगद्रव्यामुळे त्यांना उजेड, विशेषतः निळसर, थेट जाणवतो. मेंदूतल्या घड्याळाला त्या दिवस उजाडल्याचं कळवतात. मग ते झोपेचं, शरीराच्या तापमानाचं वेळापत्रक लावतं. मावशीच्या या पेशी शाबूत असाव्यात. ‘हिला दिसत नाही, खिडकी कशाला उघडायची?’ असं कुणी म्हटलं, की मी उठून आधी पडदा सारते.