सूर्यवंशीयांची कैफियत

अयोध्येच्या राजघराण्याशी ज्याचा दूरान्वयानेही संबंध नाही, अशा एका तरी सदस्यास प्रत्येक मराठी घरात ‘सूर्यवंशी’ ही पदवी बहाल झालेली असते. ही पदवी मिळविण्यास परीक्षा द्यावी लागत नाही. सूर्य कासराभर वर येईपर्यंत अंथरुणात राहणे एवढी पात्रता पुरते. पदवीदानाचा अधिकार बहुधा आजोबांकडे असतो. ते स्वतः पहाटे चारला उठतात, घरातील प्रत्येक दाराची कडी वाजते आहे ना याची खात्री करून घेतात आणि दुपारी जेवणानंतर दोन तास ‘जरा पाठ टेकतात’. त्या दोन तासांची नोंद मात्र घराच्या दप्तरी होत नाही.

काही वर्षांपूर्वी असेच एक आजोबा, त्यांची सून आणि दहावीत शिकणारा नातू माझ्या तपासणीच्या खोलीत आले. “डॉक्टर, ह्याला एखादं चांगलं टॉनिक लिहून द्या. सकाळी हलवून हलवून उठवावं लागतं, वर्गात पेंगतो, आणि रविवारी अकरापर्यंत लोळतो,” आजोबांनी फिर्याद मांडली. आरोपी काहीच बोलला नाही. तो भिंतीला टेकून जवळजवळ झोपला होता. मी रक्त तपासून घेतले. हिमोग्लोबिन उत्तम, थायरॉइड व्यवस्थित. तरीही, कुटुंब रिकाम्या हाताने परत जाऊ नये म्हणून मी लोहाचे सिरप लिहून दिले आणि वर शिस्तीवर दहा मिनिटांचे व्याख्यान दिले. सिरपने शौचाचा रंग तेवढा बदलला. व्याख्यानाने तेवढेही साधले नाही.

त्या मुलाला कोणताही आजार नव्हता आणि तो आळशीही नव्हता. निदान माझे चुकले होते. ही कैफियत त्याच्या वतीने, उशिरा का होईना, दाखल करीत आहे.

घड्याळ कोठे असते?

दोन्ही डोळ्यांच्या नसा मेंदूत जेथे एकमेकींना छेदतात, त्याच्या किंचित वर हायपोथॅलॅमसमध्ये सुमारे २०,००० चेतापेशींचे दोन इवलेसे पुंजके आहेत. त्यांचे नाव सुप्राकायाझमॅटिक न्यूक्लियस. पहिल्या वर्षाच्या तोंडी परीक्षेत हे नाव उच्चारताना आपल्यापैकी अनेकांची जीभ अडखळली असेल, आणि परीक्षा संपताच आपण त्याला विसरलो. तो मात्र आपल्याला विसरला नाही. यकृत, हृदय, आतडी या प्रत्येकाजवळ आपापले छोटे घड्याळ असते. ही सारी घड्याळे एका तालात ठेवण्याचे काम हा पुंजका करतो. प्रत्येकाच्या मनगटावर घड्याळ नव्हते त्या काळी आपल्या गावात रावपुऱ्याचा टॉवर जे काम करीत असे, तेच हे काम.

हे घड्याळ बाहेरच्या उजेडाचे नुसते प्रतिबिंब नाही, ही गोष्ट सर्वप्रथम लाजाळूच्या रोपाने सांगितली. १७२९ मध्ये द मेराँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने हे रोप काळोखात ठेवले. सूर्य दिसत नसतानाही दिवसा त्याची पाने उघडत आणि रात्री मिटत. माणसाच्या बाबतीत हाच प्रयोग मिशेल सिफ्र या २३ वर्षांच्या फ्रेंच तरुणाने १९६२ मध्ये स्वतःवर केला. तो घड्याळावाचून दोन महिने एका थंडगार गुहेत एकटा राहिला. १४ सप्टेंबरला त्याला बाहेर बोलावले, तेव्हा त्याच्या हिशेबाने २० ऑगस्टच होता. मनाने २५ दिवस हरवले. पण त्याच्या झोपेच्या नोंदी पाहता शरीराने मात्र सुमारे साडेचोवीस तासांचा दिवस इमानाने पाळला होता. निवासी डॉक्टर म्हणून तीन वर्षे काढलेल्यांना यातील पहिला भाग नवा वाटणार नाही.

घड्याळाची चाके पुढे फळमाशीत सापडली. १९७१ मध्ये कोनोप्का आणि बेंझर यांनी ‘पीरियड’ हा जनुक शोधला. त्यातून तयार होणारे प्रथिन पेशीत साचत जाते, पुरेसे साचले की आपल्याच जनुकाचे तोंड बंद करते, मग हळूहळू विघटित होते आणि जनुक पुन्हा उघडतो. या एका फेऱ्याला सुमारे एक दिवस लागतो. ही यंत्रणा उलगडणाऱ्या हॉल, रॉसबॅश आणि यंग यांना २०१७ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

मात्र हे घड्याळ ‘सुमारे’ एका दिवसाचेच आहे. हार्वर्डच्या संशोधकांनी १९९९ मध्ये केलेल्या मोजणीत माणसाचा अंतर्गत दिवस सरासरी २४ तास ११ मिनिटांचा भरला. म्हणजे आपण सारेच जन्मतः किंचित मागे पडणारी घड्याळे आहोत. त्यांना रोज लावावे लागते, आणि ते काम सूर्यप्रकाश करतो. दृष्टिपटलातील काही विशिष्ट पेशींत मेलॅनॉप्सिन नावाचे द्रव्य असते. या पेशींना चित्र पाहण्यात फारसा रस नाही. विशेषतः निळसर उजेड आला की नाही, एवढी वर्दी त्या मेंदूला देतात. सकाळचा उजेड घड्याळ पुढे सरकवतो, रात्रीचा उजेड ते मागे ओढतो. अंधार पडला की पिनिअल ग्रंथी मेलाटोनिन स्रवू लागते आणि शरीराला रात्र झाल्याचे कळते. रात्री साडेअकराला नाकापासून वीतभर अंतरावर मोबाईल धरणाऱ्याच्या मेंदूला मात्र सूर्य अजून मावळायचा आहे असेच वाटते.

पाळण्यापासून मिसरुडापर्यंत

नवजात बाळ दिवसाकाठी सोळा-सतरा तास झोपते. ते नेमके कोणते तास हे मात्र ते आपल्याला विचारून ठरवीत नाही. दिवस आणि रात्र यांतील फरक त्याला कळू लागतो तो साधारण दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात. तोवर ‘बाळाने दिवसाची रात्र केली आहे’ ही तक्रार करणाऱ्या पालकांना माझे उत्तर ठरलेले असते: बाळाने काहीच केलेले नाही, त्याचे घड्याळ अजून दुकानात आहे. रात्रीच्या आईच्या दुधात मेलाटोनिन असते, दिवसाच्या दुधात ते जवळपास नसते. निसर्ग बाळाला वेळ सांगतो ती अशी, दुधातून.

या संदर्भात आपल्याकडच्या एका सुंदर प्रयोगाची आठवण होते. मदुराई कामराज विद्यापीठातील एम. के. चंद्रशेखरन आणि त्यांचे सहकारी विश्वनाथन यांनी १९८५ मध्ये ‘नेचर’मध्ये तो प्रसिद्ध केला. उजेड-अंधाराचा बदल जेथे नाही अशा ठिकाणी त्यांनी उंदराची पिले ठेवली आणि आईला ठरावीक तास पिलांजवळ, ठरावीक तास दूर ठेवले. पिलांची घड्याळे आईच्या असण्या-नसण्यावर लागली. हे वाचल्यापासून ‘आईशिवाय झोपत नाही’ या तक्रारीकडे मी अधिक आदराने पाहतो.

पुढे शाळकरी वयात घड्याळ सरळ चालते. मूल लवकर झोपते, लवकर उठते, रविवारी तर हटकून सहाला उठून आई-वडिलांच्या पोटावर बसते. आणि मग पौगंडावस्था येते. दाढी-मिशा, आवाज आणि उर्मटपणा यांच्याबरोबर आणखी एक बदल होतो, जो कोणाला दिसत नाही: मेलाटोनिनचा रात्रीचा स्राव एक-दोन तास उशिरा सुरू होतो. शिवाय दिवसभर जागून साठणारा झोपेचा दाबही या वयात सावकाश चढतो. घड्याळाची ही घसरण विसाव्या वर्षाच्या आसपास थांबते आणि नंतर माणूस हळूहळू पुन्हा ‘लवकर’च्या दिशेने सरकू लागतो. अखेरीस तो पहाटे चारला कड्या वाजवू लागतो. आजोबांचे ब्रह्ममुहूर्ती उठणे आणि नातवाचे उशिरा लोळणे ही एकाच घड्याळाची दोन वयांतील रूपे आहेत. एकाचे श्रेय जितके संस्कारांना जाते, तितकाच दुसऱ्याचा दोष संस्कारांकडे जातो.

एका आठवड्याचा जमाखर्च

आता त्या मुलाचे खाते उघडू. तेरा ते अठरा वयाच्या मुलांना रोज ८ ते १० तास झोप हवी, अशी अमेरिकेतील निद्रातज्ज्ञांच्या संस्थेची २०१६ ची शिफारस आहे. मुलाची शाळा सव्वासातला भरे, म्हणून तो पावणेसहाला उठे. शिकवणी रात्री साडेआठला सुटे; जेवण, गृहपाठ आणि मित्रांशी थोडी खलबते होऊन डोळा लागायला साडेअकरा होत. झोप झाली सव्वासहा तास. किमान आठ तास धरले, तरी रोज पावणेदोन तासांचे कर्ज. सहा दिवसांचे साडेदहा तास. रविवारी अकरापर्यंत झोपून तो त्यातील थोडेसे फेडत होता, आणि आम्ही त्याला दिवाळखोर म्हणत होतो.

शनिवारी रात्री एकला झोपून रविवारी अकराला उठल्यामुळे त्याच्या झोपेचा मध्यबिंदू जवळजवळ साडेतीन तासांनी सरके. जर्मन संशोधक रोनेबर्ग यांनी याला ‘सामाजिक जेटलॅग’ असे नाव दिले आहे. हिवाळ्यात बडोदे आणि कैरो यांच्या वेळांतही साडेतीन तासांचेच अंतर असते. म्हणजे पोरगा दर शनिवारी रात्री कैरोला जाऊन सोमवारी पहाटे परत येत होता. पासपोर्टवर शिक्का नाही, आणि पिरॅमिडही पाहिलेला नाही!

टॉवरची वेळ आणि सूर्याची वेळ

यात आपल्या गावाचाही थोडा वाटा आहे. रावपुऱ्याचा टॉवर १८९६ मध्ये उभा राहिला, तेव्हा भारतीय प्रमाण वेळ जन्माला यायची होती. ती आली १९०६ मध्ये. ही वेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची, आणि बडोदे आहे ७३.२ अंशांवर. प्रत्येक अंशाला ४ मिनिटे या हिशेबाने आपला सूर्य घड्याळाच्या सुमारे ३७ मिनिटे मागे चालतो. मुंबईकरांनी आपली ३९ मिनिटे मागची स्थानिक वेळ हट्टाने १९५५ पर्यंत जपली होती. आपण बिनतक्रार प्रमाण वेळ लावून घेतली. त्यामुळे आपले सकाळचे सात म्हणजे सूर्याच्या दरबारी केवळ सहा वाजून तेवीस मिनिटे. जानेवारीच्या मध्यास येथे सूर्य सव्वासातच्या पुढे उगवतो. म्हणजे सव्वासातच्या पाळीची मुले सूर्योदयापूर्वीच प्रार्थनेला उभी असतात. ज्यांना आपण सूर्यवंशी म्हणून हिणवतो, त्यांच्या वाट्याला सूर्यच आलेला नसतो.

याला उपाय नाही असे नाही. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ मध्ये माध्यमिक शाळा साडेआठपूर्वी भरवू नयेत, अशी शिफारस केली. सिएटल शहराने २०१६ मध्ये शाळांची वेळ ७.५० वरून ८.४५ वर नेली. ‘मुले तेवढीच उशिरा झोपतील’ हा आक्षेप तेथेही आला होता. प्रत्यक्षात मुलांची झोप रोज सुमारे ३४ मिनिटांनी वाढली. महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग नऊच्या आधी भरवू नयेत असे ठरविले. चिमुकल्यांच्या झोपेची कोणी चिंता केली याचा आनंदच आहे. परंतु ज्यांचे घड्याळ खरोखर मागे सरकलेले असते, ते आठवी ते बारावीचे विद्यार्थी या निर्णयाच्या कक्षेबाहेरच राहिले.

व्यवसायबंधूंस विनंती

आपण डॉक्टर मंडळी या घड्याळाची ऋणी आहोत. मुलांचा ताप सायंकाळी चढतो, दमा पहाटे चारच्या सुमारास बळावतो, आणि नैसर्गिक प्रसूतीही पहाटेच अधिक होतात. बालरोगतज्ज्ञाचा दूरध्वनी कधी वाजावा हे ठरविणारे हेच घड्याळ. तेव्हा पेंगणारा मुलगा समोर आला, तर रक्ताच्या चिठ्ठीआधी एक प्रश्न विचारावा: “सुट्टीत तू किती वाजता झोपतोस आणि किती वाजता उठतोस?” सुट्टीत दहा दिवसांनी मूल ताजेतवाने होत असेल, तर बहुधा टॉनिकाची गरज नाही. घोरणे, श्वास अडणे, वजन घटणे किंवा सततची उदासी असेल, तर मात्र पुढचा तपास जरूर करावा. मोबाईल रात्री स्वयंपाकघरात झोपवावा. सकाळी उठल्याबरोबर गच्चीत किंवा अंगणात उजेडात जावे. रविवारी उठण्याची वेळ नेहमीपेक्षा एक-दीड तासाहून फार पुढे जाऊ देऊ नये आणि रात्रीची शिकवणी शक्य तेवढी आधी आणावी. शाळेच्या समितीवर आपल्यापैकी जे आहेत, त्यांनी सकाळच्या पाळीची वेळ निदान डिसेंबर-जानेवारीपुरती तरी चर्चेला घ्यावी.

तो मुलगा पुढे अभियंता झाला. मागील वर्षी आपल्या तान्ह्या लेकीला घेऊन आला. डोळ्यांखाली काळी वर्तुळे, चेहरा ओढलेला. “डॉक्टरकाका, ही रात्रभर जागते. हिला काही देता येईल?” मी त्याला सांगितले, “हिचं घड्याळ अजून दुकानात आहे. दोन महिने थांब.” मग त्याच्याकडे पाहून म्हणालो, “आणि तुला त्या वर्षी लोहाचं सिरप दिलं होतं, ते द्यायला नको होतं.” तो हसला. म्हणाला, “मी ते प्यायलोच नाही, काका. आजोबांच्या नकळत तुळशीला घालत होतो.”

तुळस चांगली वाढली, असे कळते.