शेव कधी सोडायची

धुळ्याहून उत्तरेला मुंबई-आग्रा महामार्गाने निघालं की सोनगीर लागतं. टेकडीवर पडका किल्ला, पायथ्याशी तांब्या-पितळेची भांडी घडवणाऱ्यांचं जुनं गाव, आणि फाट्यावर शिरपूरकडे नि दोंडाईच्याकडे फुटणारी वाहनं. खान्देशातल्या अशा फाट्यांवरच्या साध्या खानावळींच्या पाट्यांवर एक शब्द हमखास ठळक असतो: शेवभाजी. तिथल्या लोखंडी बाकावर ट्रकचालक, बाजार उरकून निघालेला शेतकरी आणि तालुक्याच्या कामाला आलेला शिक्षक शेजारी शेजारी बसून भाकरी कुस्करतात. पुण्या-मुंबईच्या खवय्यांनी या जेवणाला ‘झणझणीत’ हे एकच विशेषण देऊन टाकलं आहे. ते प्रेमाने दिलेलं असलं तरी या जेवणावर अन्याय करतं. मिरची कुणीही ओतू शकतो. खान्देशी खानावळ उभी आहे ती डाळीच्या जाणकारीवर आणि वेळेच्या हिशेबावर. हे लक्षात आलं नाही, तर ती का धोक्यात आहे हेही लक्षात येणार नाही.

धुळे जिल्ह्याचा बराच भाग कमी पावसाचा. उन्हाळ्यात हिरवी भाजी महाग होते, कोरडवाहू गावात तर ती मिळतही नाही. पण कोठीत ज्वारी-बाजरी असते, हरभरा, तूर, उडीद असतो, वळचणीला कांदा-लसूण लटकलेला असतो, आणि मिरचीला नंदुरबारसारखी मोठी बाजारपेठ हाकेच्या अंतरावर आहे. इथल्या स्वयंपाकाने एवढ्यातूनच अख्खं पंगतीचं पान उभं केलं. बेसन शिजवून, थापून, वड्या पाडून रश्श्यात सोडल्या की पातोड्यांची भाजी. तेच पीठ भिजवून उकळत्या रश्श्यात बोटांनी सोडलं की डुबुकवडे. ज्वारीत सालासकट उडीद आणि मीठ घालून दळलं की कळणा, आणि त्याची भाकरी. आज आहारतज्ज्ञ सांगतात की तृणधान्यात लायसिन नावाचं अमिनो आम्ल कमी असतं आणि ती उणीव डाळ भरून काढते. कळणा दळणाऱ्या बाईला हा शब्द ठाऊक नव्हता, पण जात्यात उडीद किती टाकायचा ते ठाऊक होतं. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा आनंदच आहे. पण वांगं हंगामाचं पीक. बारा महिने पोट भरलं ते डाळीने.

शेवभाजी हे या डाळशास्त्राचं खानावळीतलं रूप, आणि त्यातली खुबी पाहण्यासारखी आहे. कांदा आणि सुकं खोबरं करपायच्या उंबरठ्यापर्यंत भाजतात. त्यात आलं-लसूण आणि भाजलेला खडा मसाला घालतात: धने, मिरे, लवंग, दालचिनी, चक्रफूल आणि दगडफूल. दगडफूल नावापुरतंच फूल, खरं तर खडकावर-झाडावर वाढणारं शेवाळासारखं काहीतरी, पण काळ्या रश्श्याचा मातकट, धुरकट वास बराचसा त्याचा. हे वाटण तेलात परतत राहायचं, कडेने तेल सुटेपर्यंत. मग पाणी घालायचं ते आधणाचं. गार पाणी ओतलं तर उकळी मोडते आणि तर्री नीट वर येत नाही, असं करणारे सांगतात. इथवरचं काम सकाळी उरकता येतं. कसोटी पुढे आहे. भाजीची शेव चिवड्यात घालायच्या शेवेपेक्षा जाड आणि कडक. तिच्यात मोहन जास्त झालं तर ती रश्श्यात विरघळून पिठलं होतं, कमी झालं तर दाताखाली काडीसारखी लागते. शेव रश्श्यात पडल्याक्षणापासून पाणी प्यायला लागते. फुगते, मऊ होते, आणि तिच्या अंगचं पीठ सुटून रस्सा दाटतो. बाहेरून मऊ आणि आत अजून थोडी ताठ, अशी तिची वेळ काही मिनिटांचीच. म्हणून रस्सा मुद्दाम पातळ ठेवतात, आणि गिऱ्हाईक बसल्यावर, भाकरी तव्यावर पडल्याचं बघूनच शेव सोडतात.

खानावळीचा सगळा व्यवहार या काही मिनिटांवर बेतलेला आहे. किती माणसं येतील हे फाट्यावर कुणाला सांगता येत नाही. ताजी भाजी चिरून ठेवली आणि माणूस आला नाही तर ती वाया गेली. डब्यातली शेव वाया जात नाही, रस्सा मंद आचेवर थांबतो. अकराला आलेल्याला आणि तीनला आलेल्याला सारखंच ताजं ताट मिळतं, आणि रस्सा पुन्हा मागितला तर वाढणाऱ्याचा हात आखडत नाही. गरिबीत सुचलेली ही युक्ती अव्वल दर्जाची पाककला आहे, आणि तिला तसं म्हणायला संकोच वाटायचं कारण नाही.

यावर एक आक्षेप येतो. शेव तर फरसाणवाल्याची, दुकानातून आणलेली. मग ही परंपरा कसली? परंपरेचा अस्सल नमुना हवा तर आखाजीचे, म्हणजे अक्षय्य तृतीयेचे, खापरावरचे मांडे बघा. मांडे थोरच आहेत. पण ते सणाचे, सवडीचे आणि माहेरच्या अंगणाचे. बाजारातली शेव आणि घरातलं वाटण यांच्या संगमातून झालेली भाजी ही रस्त्याची आणि रोजगाराची परंपरा आहे, आणि तिला कमी लेखू नये. अमेरिकेत दक्षिणेकडच्या शेतांवरून उत्तरेच्या शहरांत गेलेल्या कृष्णवर्णीयांनी चवळी, मक्याची भाकरी आणि पाल्याची भाजी बरोबर नेली. १९६०च्या दशकात त्या जेवणाला ‘सोल फूड’ म्हणजे जिवाचं अन्न असं अभिमानाचं नाव पडलं, आणि १९६२ साली न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये सिल्व्हिया वूड्स यांनी काढलेली खानावळ त्या वस्तीचं दुसरं घर झाली. गुलामीचा तो इतिहास आणि खान्देशाचा दुष्काळ एका मापाने मोजता येणार नाहीत. पण सुरतेच्या उधना-लिंबायतमध्ये राबणाऱ्या खान्देशी माणसाला शेवभाजीच्या पाटीने जे वाटतं, ते त्याच जातीचं आहे. दुसरा आक्षेप तब्येतीचा: तळलेली शेव, वर तेलाचा तवंग. तो खराच आहे, आणि तिथूनच अडचणी सुरू होतात.

कारण तवंग वाढला तो गेल्या काही वर्षांत, झणझणीतपणाच्या कीर्तीपायी. लाल तर्रीचं छायाचित्र चांगलं येतं, म्हणून वाटणाचं काम तेल आणि तिखटाच्या रंगावर ढकललं जातं. कांदा-खोबरं नीट भाजायला वेळ आणि माणूस लागतो. पुडीतल्या मसाल्याला दोन्ही लागत नाहीत. घरच्या रश्श्यातलं तेल हे वाटण पुरतं परतल्याची खूण होतं, आता ते वरून ओतता येतं. महामार्ग, पूर्वीचा क्रमांक ३ आणि आताचा ५२, चौपदरी झाला. प्रवास सुखाचा झाला, पण फाट्यावर थांबायची सक्ती संपली. वाहनतळ आणि रंगीत दिवे असलेले मोठे ढाबे लांबच्या गाड्या ओढून घेतात, आणि गावच्या खानावळीला गावच्याच माणसांवर भागवावं लागतं. खुद्द सोनगीरची पितळी पातेली या स्वयंपाकघरांतून केव्हाच हलली. पितळेत चिंचेसारखा आंबट पदार्थ कळकतो, म्हणून कल्हई लागते; कल्हईवाले दुर्मीळ झाले आणि स्टील-ॲल्युमिनियमने जागा घेतली. जाड बुडाचं पितळ आच सावकाश पसरवतं, पातळ भांड्यात वाटण खाली लागतं, म्हणून आणखी तेल.

तरी या सगळ्यापेक्षा नाजूक दुवा म्हणजे भाकरी करणारी बाई. दादर ज्वारीच्या पिठात गव्हासारखा चिकटपणा नसतो. ते बांधून येतं गरम पाण्याने आणि तळहाताच्या टाचेने रगडल्याने. मग परातीत हाताने थापत, फिरवत, कड फाटू न देता वाढवायचं, उचलून तव्यावर टाकायचं, वरून पाण्याचा हात फिरवायचा, आणि ते पाणी सुकायच्या आत उलटायचं. क्षणभर उशीर झाला तर पापुद्रा तडकतो आणि भाकरी फुगत नाही. ऐन उन्हाळ्यात, चुलीसमोर, दुपार संपेपर्यंत हे चालतं. भाकरीची यंत्रं निघाली आहेत, आणि त्या धगीतून कुणाची सुटका होणार असेल तर त्यांना विरोध करायचा अधिकार बाकावर बसून जेवणाऱ्याला नाही. पण यंत्र येईपर्यंत तिच्या कामाला कारागिराचा भाव मिळायला हवा, आणि गिऱ्हाईक भाकरीला चार रुपये जास्त द्यायला कुरकुरतं. पार्सल मागितलं की जाणता खानावळवाला शेव एका पिशवीत आणि रस्सा दुसऱ्या पिशवीत बांधतो. घरी रस्सा उकळून शेव सोडली की ताट जवळजवळ तसंच लागतं. भाकरी मात्र कागदात गुंडाळून दिली तरी तास-दोन तासांत वातड होते.