टाके घालण्याआधी मुलाचं वजन करा

खेळता खेळता तीन वर्षांचं मूल पायरीवर आपटतं, कपाळाला खोक पडते. दवाखान्यात ते इतके हातपाय झाडतं की डॉक्टर म्हणतात, ‘थोडं गुंगीचं औषध देऊन टाके घालू.’ घाबरलेले आईबाप मान हलवतात. नर्सबाई विचारतात, ‘वजन किती?’ आपण सांगून टाकतो, ‘असेल बारा-चौदा किलो.’

इथे अंदाज चालत नाही. मुलांच्या गुंगीच्या औषधाचा डोस वजनावर काढतात. मिडाझोलॅमचंच घ्या. १२ किलोच्या मुलाला शिरेतून किलोमागे ०.१ मिलिग्रॅम द्यायचं ठरलं, तर १.२ मिलिग्रॅम लागतं. हे इंजेक्शन दोन ताकदींत मिळतं : एका मिलिलिटरमध्ये १ मिलिग्रॅम किंवा ५ मिलिग्रॅम. पहिल्या बाटलीतून १.२ मिलिलिटर भरलं तर डोस बरोबर. घाईत दुसरी हाती आली आणि तेवढंच भरलं, तर पाचपट औषध जातं. श्वास मंदावतो, थांबूही शकतो. म्हणूनच बाटलीवरची ताकद आणि सिरिंजमधलं औषध दुसऱ्या कुणीतरी पुन्हा तपासायचं असतं.

अमेरिकेतील डॉ. चार्ल्स कोटे आणि सहकाऱ्यांनी मुलांना गुंगी देताना घडलेल्या ९५ घटना तपासून २००० साली निष्कर्ष मांडले. डोस जास्त होणं, तीन किंवा अधिक औषधं एकत्र देणं, यांत मुलं दगावल्याचं जास्त दिसलं.

तेव्हा ‘आधी काट्यावर वजन करा’ असं म्हणायला संकोचू नका. त्यात डॉक्टरांचा अपमान नाही. घरून सर्दी-खोकल्याचं सिरप पाजलं असेल तर तेही सांगा. त्यातल्या काही औषधांनीही झोप येते. आणि रडतंय म्हणून वाटेत बिस्किट, दूध दिलं असेल तर लपवू नका. उपचार लांबतील या भीतीने लोक ‘काही खाल्लं नाही’ म्हणतात, पण गुंगीत उलटी झाली तर ती फुफ्फुसात जाऊ शकते. टाके घालताना बोटाला ऑक्सिमीटर हवा, आणि टाके घालणाऱ्याखेरीज एक जण फक्त मुलाच्या श्वासाकडे बघणारा हवा.

टाके झाले की घरी जायची घाई होते. मूल नीट जागं झालं, ओळखू लागलं, मान सावरू लागलं, की मगच निघा. पेंगुळलेल्या मुलाला मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवलं तर मान पुढे पडून श्वासनलिका दबते, आणि गाडीच्या आवाजात ते कुणाच्या लक्षातही येत नाही.