चुना धरून ठेवतो, जस्त सोडून देते

ईद जवळ आली की पूर्वी घराघरांत चुना कालवला जाई. डिस्टेंपर आल्यापासून ती गडबड कमी झाली, पण गावाकडच्या कितीतरी भिंतींना आजही चुनाच लागतो. हा चुना भिंतीवर नुसता वाळत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू ओढून घेत तो पुन्हा चुनखडी बनत असतो. चुन्याच्या निवळीत फुंकर मारली की ती दुधाळ होते, तो शाळेतला प्रयोगही हाच.

कार्बन डायऑक्साइडचा रेणू तसा अलिप्त. मध्ये कार्बन, दोन्ही बाजूंना ऑक्सिजन, सारे एका सरळ रेषेत. पण दोन्ही ऑक्सिजन इलेक्ट्रॉन आपल्याकडे खेचतात, म्हणून मधला कार्बन किंचित धनभारित, जरा उपाशीच राहतो. धातूच्या ऑक्साइडच्या पृष्ठभागावरचे ऑक्सिजन मात्र इलेक्ट्रॉनांनी सधन असतात. रेणू तिथे टेकला की त्यांपैकी एखादा कार्बनला इलेक्ट्रॉन देऊ करतो, सरळ रेणू वाकतो आणि पृष्ठभागावर कार्बोनेट तयार होते. सिरियम ऑक्साइडसारख्या काही पदार्थांत मधूनच एखादा ऑक्सिजन गळालेला असतो. त्या रिकाम्या जागेत हा रेणू आपला एक ऑक्सिजन भरतो आणि स्वतः कार्बन मोनॉक्साइड होऊन निघून जातो.

मग धुराड्यातला वायू पकडायला चुनाच का नको? पकडायला तो चांगलाच आहे. पण त्याची मिठी इतकी घट्ट, की सोडवायला सुमारे ९०० अंश सेल्सिअसची भट्टी पेटवावी लागते. उत्प्रेरकाचा मिजाज वेगळा हवा. उर्दूत त्याला ‘अमलअंगेज’ म्हणतात, म्हणजे क्रिया चेतवणारा. त्याने पाहुण्याला बसवून घ्यावे, काम उरकले की वाटेला लावावे आणि पुढच्यासाठी जागा मोकळी करावी.

जस्ताचे ऑक्साइड या बाबतीत मध्यममार्गी आहे. बाळाच्या घामोळ्यांवर आपण लावतो त्या कॅलामाइन लोशनमधली पूड तीच. १९२३ मध्ये जर्मनीत बीएएसएफ कंपनीने जस्त आणि क्रोमियमच्या ऑक्साइडांवर मिथेनॉल बनवले, पण त्याला सुमारे ३०० वातावरणांचा दाब लागे. १९६० च्या दशकात इंग्लंडच्या आयसीआय कंपनीने तांबे, जस्ताचे ऑक्साइड आणि अॅल्युमिना एकत्र आणले, तेव्हा ५० ते १०० वातावरणे आणि अडीचशे अंशांच्या आसपासचे तापमान पुरू लागले. तांबे हायड्रोजनचे रेणू फोडते. पृष्ठभागावर बसलेल्या कार्बन डायऑक्साइडला हायड्रोजन जोडला गेला की आधी फॉर्मेट बनते, म्हणजे मुंगीच्या दंशातल्या आम्लाचे भावंड, आणि पुढे मिथेनॉल. नेमके कुठल्या जागी हे घडते, तांबे आणि ऑक्साइडच्या सीमेवर की दोघांच्या मिश्रधातूवर, यावर रसायनशास्त्रज्ञ अजून भांडताहेत.

मिथेनॉल इंधन म्हणून चालते, त्यापासून प्लास्टिक आणि रंगांचा कच्चा मालही होतो. पण ते जहाल विष आहे. २०१५ मध्ये मुंबईच्या मालवणीत शंभरावर माणसे विषारी दारूने दगावली, ती याच मिथेनॉलमुळे. म्हणून ‘धुरापासून अल्कोहोल’ अशी बातमी मुले वाचून दाखवतील, तेव्हा हा फरक त्यांना आवर्जून सांगावा.

आइसलँडमध्ये २०१२ साली असा कारखाना खरोखर सुरू झाला. नोबेलविजेते रसायनशास्त्रज्ञ जॉर्ज ओला यांचे नाव त्याला दिले. जमिनीखालच्या वाफेवर चालणाऱ्या वीजकेंद्रातून बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड तिथे वापरला, आणि हायड्रोजन त्याच विजेने पाण्यापासून काढला. खरी मेख या हायड्रोजनमध्ये आहे. एक टन मिथेनॉलला साधारण १९० किलो हायड्रोजन लागतो. तो कोळशाच्या विजेवर काढला, तर जेवढा धूर पकडला त्याहून जास्त दुसऱ्या धुराड्यातून बाहेर जातो. आइसलँडला भूगर्भातली उष्णता लाभली आहे. आपल्याकडे ऊन भरपूर, पण ते संध्याकाळी मावळते, आणि असा कारखाना रात्रभर चालवायला वीज साठवावी लागते.