ट्रंकेवरचे पांढरे आकडे

दुसऱ्या महायुद्धातून परतलेले बहुतेक शिपाई घरी फारसं बोलले नाहीत. ते गेले की मुलं-नातवंडं शोधाला लागतात आणि आधी लंडनला पत्र धाडतात.

सैन्य इंग्रजांचं, म्हणजे कागद विलायतेत, हा त्यामागचा समज. तिकडच्या ब्रिटिश लायब्ररीत हिंदी सैन्यातल्या अधिकाऱ्यांचे कागद सापडतात. साध्या शिपायाची नोंद मात्र त्याच्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसात, इथेच राहिली. मराठा लाइट इन्फंट्री असेल तर बेळगाव, बॉम्बे सॅपर्स असेल तर खडकी.

तिथून उत्तर येतं, ‘रेकॉर्ड नष्ट झाले आहे.’ लोक इथेच हात टेकतात. हे उत्तर खरं असतं, पण अर्धंच. बिनपेन्शनच्या शिपायाची फाइल नियमाप्रमाणे २५ वर्षांनी नष्ट करतात, आणि युद्धापुरते भरती झालेले पुष्कळ जण तसेच घरी आले. पण भरतीची नि डिस्चार्जची नोंद असलेला ‘लाँग रोल’ ठेवलेला असतो. अर्जात फाइल मागण्यापेक्षा लाँग रोलचा उतारा मागा.

मात्र नुसत्या नावावर भागत नाही. जाधव, शिंदे, पवार किती असतील! हवा तो सर्व्हिस नंबर. डिस्चार्ज बुक हरवलं असेल तर ट्रंक बघा. आमच्या चुलत्यांच्या ट्रंकेला कुणीतरी हौसेनं निळा रंग दिला होता; पॉलिश पेपरनं घासल्यावर खालून पांढरे आकडे निघाले. राज्य सरकारचं महायुद्धातल्या सैनिकांसाठीचं किंवा त्यांच्या विधवांसाठीचं अनुदान घरात येत असेल, तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातल्या त्या प्रकरणातही नंबर मिळू शकतो. आणि अर्जात जिल्हा तेव्हाचा लिहा. तासगाव आज सांगलीत आहे, युद्धात ते साताऱ्यात होतं.

पदकांबद्दल तर घरोघरी दंतकथा. बर्मा स्टार, इटली स्टार, आफ्रिका स्टार ही शौर्यपदकं नव्हेत. त्या आघाडीवर सेवा केली, एवढंच ती सांगतात. वॉर मेडलला तर २८ दिवसांची सेवा पुरे होती. इंडिया सर्व्हिस मेडल हिंदुस्थानातच, लढाईच्या क्षेत्राबाहेर काढलेल्या तीन वर्षांचं. घरात ही दोनच पदकं असतील, तर आजोबांची इटलीची गोष्ट जरा तपासून घ्यावी. त्यात खाली मान घालण्यासारखं काही नाही. डेपोतली पेट्रोलची पिंपं कुणीतरी भरतच होतं.

कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या यादीत नाव नाही, म्हणून वडील युद्धात नव्हतेच, असंही कुणी ठरवतं. ती यादी मृतांची आहे. जिवंत परतलेला माणूस तिथे कसा सापडेल? उलट, जो परतला नाही त्याची कबर नसली तरी नाव असतं. इटलीत सांग्रो नदीकाठच्या युद्धस्मशानात दहन झालेल्या हिंदी सैनिकांसाठी वेगळं स्मारक आहे.

‘मराठा पलटणीत होते’ एवढ्यावरही फार पुढे जाता येत नाही. मार्च १९४४ मध्ये चौथी बटालियन मणिपूरमध्ये सांगशाकला जपान्यांशी झुंजत होती. त्याच वर्षी जुलैत तिसरी इटलीत टायबरच्या खोऱ्यात होती, जिथे यशवंत घाडगे यांनी मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. बटालियन कळली की मग लंडन कामाला येतं. तिथल्या क्यूच्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये पलटणींच्या वॉर डायऱ्या आहेत. साध्या शिपायाचं नाव त्यांत क्वचितच येतं. पण अमुक तारखेला पलटण कुठल्या गावात, कुठल्या नदीच्या कुठल्या काठावर होती, ते तिथे वाचायला मिळतं.