ऑनलाइन बाजारातील बनावट माल : जबाबदारी कोणाची?

गावातील बचत गट मसाले, पापड, लोणची तयार करतो. त्यांना दिलेले नाव हळूहळू ग्राहकांच्या विश्वासास पात्र ठरते. तेच नाव लावून एखादा त्रयस्थ विक्रेता ऑनलाइन बाजारात निकृष्ट माल विकू लागला, तर नुकसान उत्पादकाचे होते आणि ग्राहकाचेही. विक्रेता दोषी आहे हे उघड आहे. परंतु ज्याच्या संकेतस्थळावर ही विक्री झाली, त्या बाजार-चालकाचे काय?

व्यापारचिन्ह अधिनियम, १९९९ च्या कलम २९ अन्वये नोंदणीकृत चिन्हाचा असा अनधिकृत वापर हे उल्लंघन होय. मात्र माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ७९ ने मध्यस्थास संरक्षण दिले आहे. हे संरक्षण सशर्त आहे. मध्यस्थाने यथोचित दक्षता घेतली पाहिजे. बेकायदेशीर कृत्यास साहाय्य करता कामा नये.

या अटींचा अर्थ न्यायालयांपुढे आला. ख्रिश्चन लूबूतँ या पादत्राण कंपनीच्या दाव्यात दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये असे मत दिले की, विक्रीच्या व्यवहारात सक्रिय भाग घेणारे संकेतस्थळ केवळ मध्यस्थ म्हणवून घेऊ शकत नाही. विक्रेत्यांची नावे-पत्ते प्रकट करण्याचा आणि माल अस्सल असल्याचे प्रमाणपत्र त्यांच्याकडून घेण्याचा आदेशही देण्यात आला. पुढे २०२० मध्ये ॲमवे प्रकरणात त्याच न्यायालयाच्या खंडपीठाने, सक्रिय व निष्क्रिय मध्यस्थ असा भेद कलम ७९ मध्ये नाही, असे स्पष्ट केले. तात्पर्य, चालक आपोआप दोषी ठरत नाही, तसाच तो सर्वस्वी मुक्तही नाही.

ग्राहक संरक्षण (ई-वाणिज्य) नियम, २०२० नुसार विक्रेत्याचे नाव व पत्ता दर्शविणे चालकावर बंधनकारक आहे. ग्राहकाच्या तक्रारीची पोच ४८ तासांत देऊन एक महिन्यात तिचे निवारण करावयाचे आहे.

कायद्याचा लाभ जागरूक माणसासच मिळतो. उत्पादक गटांनी आपल्या चिन्हाची वेळीच नोंदणी करून घ्यावी. ती १० वर्षे टिकते व तिचे नूतनीकरण करता येते. नोंदणी नसल्यास दाद मागता येते; पण त्यासाठी बाजारातील आपला लौकिक सिद्ध करावा लागतो. बनावट माल आढळताच त्या पानाची प्रत, देयक व वेष्टन जपून ठेवावे, चालकाकडे लेखी तक्रार करावी आणि दखल न घेतल्यास न्यायालयात जावे. शिक्षक व पंचायत सदस्यांनी ही माहिती गटांपर्यंत पोहोचविल्यास गावाने कमावलेले नाव गावाचेच राहील.