पियानोविना तीन वाद्ये आणि एक लहान दालन

सॅक्सोफोन, डबल बास आणि ड्रम्स अशा तीनच वाद्यांच्या संचाला जॅझमध्ये सॅक्सोफोन ट्रायो म्हणतात, आणि या संचाचे खरे स्वरूप त्यात नसलेल्या वाद्यावरून ध्यानात येते. जॅझच्या बहुतेक लहान संचांत पियानो किंवा गिटार असते. हे वाद्य कॉर्ड, म्हणजे एकाच वेळी उमटणारे स्वरांचे समूह, वाजवीत राहते आणि रचना कोणत्या टप्प्यावर आली आहे हे वादकाला व श्रोत्याला त्यावरून कळते. पियानो वगळला की हा आधार जातो. सॅक्सोफोन हे सामान्यतः एका वेळी एकच स्वर देणारे वाद्य असल्यामुळे त्याच्या वादकाला कॉर्डमधील स्वर एकामागून एक असे गुंफावे लागतात, की प्रत्यक्षात न वाजलेला स्वरसमूहही ऐकणाऱ्याच्या मनात उभा राहावा.

जॅझमधील रचनेचे आवर्तन, ज्याला ‘कोरस’ म्हणतात, अनेकदा ३२ बारांचे असते, आणि एका बारात बहुधा चार मात्रा येतात. तबल्याचा ठेका चालू असताना गवयाने आवर्तनभर स्वैर फिरून समेवर यावे, तसा सॅक्सोफोनवादक या चक्रात तत्क्षणी नवी सुरावट रचतो. मात्र येथे मात्रांबरोबर कॉर्डचा ठरलेला क्रमही पाळायचा असतो. बासवादक दर मात्रेला एकेक स्वर देत त्या क्रमाचा पाया दाखवीत जातो, आणि या पद्धतीला ‘वॉकिंग बास’ असे नाव आहे.

पियानो वगळण्याचा प्रयोग जेरी मलिगन याने १९५२ मध्ये लॉस एंजेलिस येथे केला होता, परंतु त्याच्या संचात सॅक्सोफोनच्या जोडीला ट्रम्पेट असल्याने दोन सुरावटी परस्परांना आधार देत असत. तो आधारही सोडून एकट्या टेनर सॅक्सोफोनवर सारा भार घेण्याचे धाडस सनी रोलिन्स याने १९५७ मध्ये केले. त्या वर्षीच्या मार्चमध्ये त्याने बासवर रे ब्राउन आणि ड्रम्सवर शेली मॅन यांना घेऊन ‘वे आउट वेस्ट’ हे ध्वनिमुद्रण केले, आणि ३ नोव्हेंबर रोजी न्यूयॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेज भागातील ‘व्हिलेज व्हॅनगार्ड’ या तळघरात त्याचे दुपारचे व रात्रीचे वादन रुडी व्हॅन गेल्डर याने ब्लू नोट कंपनीसाठी मुद्रित केले. दुपारी डोनाल्ड बेली बासवर व पीट ला रोका ड्रम्सवर होते, तर रात्री त्यांच्या जागी विल्बर वेअर आणि एल्विन जोन्स आले.

रात्रीचे वादन ऐकताना तिघांनी कामाची वाटणी किती बारकाईने केली आहे हे जाणवते. वेअर मोजके, भरदार स्वर वापरून पाया पक्का ठेवतो. जोन्स एकाच वेळी अनेक लयी एकमेकींवर रचतो, आणि तरीही मूळ लय हरवत नाही. रोलिन्स लहानसा स्वरगुच्छ घेऊन तो उलटसुलट करतो, मध्येच थांबतो, आणि त्या थांब्यात बास व ड्रम्स पुढे येतात. पियानो असता तर ही मोकळी जागा कॉर्डने भरली गेली असती. रिकाम्या जागेचा इतका निर्भय वापर जॅझच्या इतिहासात फार थोड्या वादकांना साधला आहे.

या वादनात दालनाचाही वाटा आहे. मॅक्स गॉर्डन याने १९३५ मध्ये सुरू केलेल्या व्हॅनगार्डमध्ये आरंभी कवितावाचन, लोकगीते व विनोदी प्रयोग होत असत, आणि १९५७ पासून तेथे मुख्यतः जॅझच होऊ लागले. पाचरीच्या आकाराच्या या तळघरात सव्वाशेच्या आसपास माणसे बसू शकतात. बासचे खर्जातील स्वर मोठ्या सभागृहाच्या प्रतिध्वनीत विरघळून पुसट होतात. येथे मात्र तारेवर बोट पडल्याचा आवाजही मागच्या टेबलापर्यंत पोहोचतो. ज्या संचात बास हाच कॉर्डचा एकमेव सततचा पाया, त्याच्यासाठी ही जवळीक अपरिहार्यच म्हणावी लागेल.

रोलिन्सचा एक धागा महाराष्ट्राशीही जोडलेला आहे. १९६० च्या दशकाच्या अखेरीस त्याने जाहीर वादन थांबवून मुंबईतील पवई येथील आश्रमात काही महिने वास्तव्य केले आणि तेथे योग व वेदान्ताचा अभ्यास केला.

पुढच्या काळात काही वादकांनी ट्रायोला ठरलेल्या कोरसमधूनही मुक्त केले. सॅम रिव्हर्स हा सॅक्सोफोनवादक व त्याची पत्नी बिआट्रिस यांनी मॅनहॅटनमधील बाँड स्ट्रीटवर ‘स्टुडिओ रिव्हबी’ चालवला. कारखाने शहराबाहेर गेल्याने त्या भागातील मोठ्या रिकाम्या जागा, ज्यांना ‘लॉफ्ट’ म्हणतात, कलावंतांना कमी भाड्यात मिळत होत्या, आणि १९७० च्या दशकात अशा अनेक जागांत वादकच आयोजक झाले. रिव्हर्स, बासवादक डेव्ह हॉलंड आणि ड्रमर बॅरी आल्टशुल यांचा ट्रायो कित्येकदा आधी काहीही न ठरवता वादन सुरू करी. लय, स्वर आणि रचनेचा आकार हे सारे तिघांच्या परस्परांकडील लक्षातून घडत असे, आणि त्या लक्षाला समोर बसलेल्या श्रोत्यांची एकाग्रता पोषक ठरे. मे १९७६ मध्ये स्टुडिओ रिव्हबीत झालेल्या अनेक संचांच्या वादनातून ‘वाइल्डफ्लॉवर्स’ ही पाच ध्वनिमुद्रिकांची मालिका निघाली; व्यापारी क्लबांत स्थान न मिळालेले बरेच संगीत त्यामुळे टिकून राहिले.

परंतु त्या परिसरातील भाडी वाढत गेली, आणि दशक संपता संपता बहुतेक लॉफ्ट बंद पडले. व्हॅनगार्ड मात्र गॉर्डन कुटुंबाच्या हाती राहिला: १९८९ मध्ये मॅक्स गेल्यावर त्याची पत्नी लॉरेन हिने तो २०१८ मधील आपल्या मृत्यूपर्यंत सांभाळला, आणि तिच्यानंतर ती जबाबदारी मुलीकडे आली.